कळत नसेल तर

दाराने त्या महिन्यात अण्णांना नवव्यांदा अडवलं, तेव्हा मी अण्णांशीच भांडत होते.

हे वाचून तुमचा गोंधळ उडाला असेल तर साहजिक आहे. माझा तर दोन वर्षं उडालेला होता. नीट सांगते. दाराशी उभे होते ते माझे वडील, भूपाल मगदूम, वय एक्क्याऐंशी. डोक्यावर पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी, कृष्णेच्या घाटावर चहाला निघालेले. आणि मी ज्यांच्याशी भांडत होते ते माझ्यासमोरच्या पडद्यावर होते. तो अण्णांचा बदली.

"आज नको, अण्णा. उद्या जाऊ," दार गोड आवाजात म्हणालं.

"उद्या काय हाय?" अण्णांनी दाराला विचारलं. दार पुन्हा तेच म्हणालं.

त्याच वेळी पडद्यावरचे अण्णा म्हणत होते, "प्रस्तावक मूळ प्रश्नाला बगल देत आहेत. माझी हरकत कायम आहे."

बदली असाच बोलायचा, छापील. कारण तो अण्णांच्या लिखाणातून तयार केला होता, आणि अण्णा लिहिताना फार सोवळ्यात लिहायचे. बोलताना मात्र अस्सल सांगलीचे.

पस्तीस वर्षांपूर्वी अण्णांनी तंत्रनिकेतनातल्या आणखी चार शिक्षकांना घेऊन 'मांडणी' नावाची भाषा तयार केली. खेड्यातून आलेल्या पोरांना यंत्राशी मराठीत बोलता यावं, एवढाच हेतू होता. पण ती इतकी सोपी निघाली की आधी शेतीचे पंप तिच्यावर चालायला लागले, मग यंत्रमाग, मग घरातली लहानमोठी उपकरणं. आता तिच्यात जरासा बदल करायचा म्हटलं तरी चाळीस लाख यंत्रांचा प्रश्न येतो. म्हणून मांडणी मंडळ आहे, आणि मंडळाची एक रीत आहे. कुणीही नवी रचना सुचवावी, कुणीही तिच्यावर हरकत घ्यावी, आणि ज्यानं हरकत घेतली त्यानं स्वतःच्या तोंडानं "मागे घेतो" म्हटल्याशिवाय रचना मंजूर करायची नाही. मतदान नाही. जे एकाच्या गळी उतरत नाही ते चाळीस लाखांच्या गळी उतरवायचं नाही, असं अण्णाच म्हणायचे.

रीत चांगली होती. पण सभासद म्हातारे झाले, रोज शंभर पानं वाचून कंटाळले. मग सहा वर्षांपूर्वी मंडळानं बदली नेमले. ज्याचं त्याचं आयुष्यभराचं लिखाण वाचून तयार झालेले संगणकी सभासद. मूळ माणूस जी हरकत घेईल तीच बदली घेणार, आणि खरोखर तशीच घ्यायचा. फक्त खबरदारी म्हणून एक कलम घातलं: बदलीला हरकत घेता येईल, पण मागे घेता येणार नाही, ते माणसानंच करायचं. फार शहाणपणाचं कलम वाटलं होतं सगळ्यांना. परिणाम असा झाला की हरकती नुसत्या साठत गेल्या आणि सहा वर्षांत भाषेतला एक शब्द हलला नाही. मंडळानं मंजूर केलेला शेवटचा प्रस्ताव म्हणजे बदली नेमण्याचा.

माझा प्रस्ताव क्रमांक होता तीनशे बारा.

तो समजायला राखण समजायला हवी. राखण म्हणजे आमच्या दारातलं यंत्र. विसरायला लागलेल्या म्हाताऱ्यांसाठी शुश्रूषा केंद्रानं बसवलेलं. अण्णा दाराशी आले की ते त्यांच्या पावलांची लय फरशीतून मोजतं, दोन साधे प्रश्न विचारून उत्तराला किती वेळ लागतो ते पाहतं, नजर कुठे ठरते ते टिपतं, आणि या सगळ्यावरून अण्णा आज एकटे जाऊन परत येतील की नाही ते ठरवतं. पुढचा हुकूम मांडणीत लिहिलेला, अगदी पहिलीच्या पुस्तकासारखा:

जर अण्णा बरे आहेत
दार उघड
नाहीतर
दार बंद ठेव

गंमत अशी की यंत्राच्या पोटात जे मोजमाप होतं ते इतकं सरळ नसतं. तिथे आकडा निघतो. शंभरापैकी एकावन्न आला की बरे, एकोणपन्नास आला की बरे नाहीत. आणि नव्या यंत्रांना आपला आकडा किती चुकू शकतो हेही मोजता यायला लागलं होतं. राखणीचा आकडा बारानं इकडेतिकडे व्हायचा. म्हणजे अडतीसपासून बासष्टपर्यंत राखणीला खरं तर काहीच कळत नव्हतं, आणि ती नुसतं छापा-काटा करत होती. अण्णा बहुतेक दिवस याच पट्ट्यात असायचे. पण हा आकडा आमच्या भाषेपर्यंत पोचायचाच नाही. मांडणीत प्रश्नाला उत्तर दोनच, हो किंवा नाही. पोरांचा घोळ होऊ नये म्हणून तसं केलं होतं, आणि केलं होतं अण्णांनीच.

मी सुचवलं होतं ते इतकंच, की जर आणि नाहीतर यांच्या जोडीला तिसरी वाट द्या:

कळत नसेल तर
माणसाला बोलाव

या दोन ओळींवर दोन वर्षं वाद चालला होता. इतर हरकतदारांना मी एकेक करून घरी जाऊन भेटले, चहा प्यायले, हरकती मागे घ्यायला लावल्या. उरली एकच. माझ्या वडिलांची. आणि ते माझ्याच घरात होते आणि नव्हतेही.

"प्रस्तावात 'माणसाला बोलाव' असे आहे," बदली पुन्हा म्हणाला. "कोणत्या माणसाला?"

"तो अंमलबजावणीचा भाग झाला, अण्णा. भाषेत तो येत नाही."

"कळत नाही म्हणणे फुकट नसते. कोणीतरी उठून यावे लागते. ते कोणीतरी कोण?"

मी आवाज बंद केला. अण्णा अजून दाराशीच होते. माझ्या अंगठ्यानं दार कधीही उघडलं असतं, पण मग सोबत जावं लागलं असतं, आणि मला दहाच्या आत लेखी उत्तर पाठवायचं होतं. एकटं सोडायचा प्रश्नच नव्हता. गेल्या वर्षी मी तसं केलं होतं आणि नऊ तासांनी ते तंत्रनिकेतनाच्या फाटकाशी सापडले, अनवाणी, "माझा तास हाय" म्हणून रखवालदाराशी हुज्जत घालताना.

"काय करायलीस?" त्यांनी मला विचारलं.

"तुमच्याशी भांडतेय."

"मग मला बोलाव की," असं म्हणून ते टोपी काढून खुर्चीत बसले.

केंद्राचा नियम असा की महिन्यात दहा वेळा दार बंद राहिलं की माणूस 'कायम बंद' या वर्गात जातो. पुढच्या एक तारखेपासून एकट्यासाठी दार उघडतच नाही. नऊ झाले होते आणि तारीख होती चोवीस. आणि त्याच एक तारखेला मला पुण्याला एका संशोधन संस्थेत रुजू व्हायचं होतं. राखण बसवली होती ती मुळी मला असं कधीतरी जाता यावं म्हणूनच. मी गेल्यावर स्वयंपाकाला आणि रात्रीच्या सोबतीला शेजारच्या शालनकाकू होत्या, पण सकाळी त्या शाळेत असायच्या. म्हणजे मी पुण्यात यंत्रांच्या अनिश्चिततेवर व्याख्यानं देणार आणि इकडे अण्णा टोपी घालून दाराशी उभे राहणार, रोज, आणि दार त्यांना उद्या जाऊ म्हणून सांगणार. या कल्पनेनं मला जेवण जात नव्हतं.

त्या दुपारी मी मिरजेला रेहाना मुजावर मॅडमकडे गेले. मॅडम मंडळाच्या अध्यक्ष, एकेकाळी अण्णांच्या विद्यार्थिनी. मी सगळं सांगितलं.

"अगं, मग सरांनाच घेऊन ये की सत्तावीसच्या सभेला," त्या म्हणाल्या. "हरकत त्यांची. मागं घेतो म्हणाले की संपलं. कलमात तसंच आहे."

"पण मॅडम, त्यांना हरकत म्हणजे काय हेसुद्धा धड आठवत नाही. मी शिकवलं तर ते म्हणतील. पण ते त्यांचं म्हणणं होईल का?"

मॅडमनी मलाच उलट विचारलं, "आणि बदली म्हणतो ते त्यांचं म्हणणं आहे का?"

"ते तर शंभर टक्के त्यांचं आहे. शब्दन् शब्द. म्हणून तर राग येतो."

"मग खरे सर कुठले म्हणायचे?"

"ते कळलं असतं तर तुमच्याकडे कशाला आले असते?"

पुढचे दोन दिवस दार उघडलं. नशीबच. मी त्या दोन दिवसांत अण्णांना पढवायचं ठरवलं. जेवताना म्हणायचे, "अण्णा, सत्तावीसला मॅडम विचारतील, हरकत मागे घेता का. तुम्ही काय म्हणायचं?" ते आज्ञाधारक मुलासारखे म्हणायचे, "मागं घेतो." दुसऱ्या घासाला विचारलं की म्हणायचे, "कशाला घ्यायची मागं? काय चुकलंय?" मला स्वतःची लाज वाटायची. ज्या माणसानं आयुष्यभर कुणाच्या सांगण्यावरून मान डोलावली नाही, त्याला मी मान डोलवायला शिकवत होते, आणि तेही त्याच्याच विरुद्ध. तरीही तिसऱ्या घासाला पुन्हा विचारायचे.

सत्तावीसला सकाळी तंत्रनिकेतनाच्या जुन्या सभागृहात आम्ही सहा माणसं होतो आणि समोरच्या भिंतीवर अकरा बदली. अण्णा पुढच्या रांगेत बसले. कुणीतरी भडंगाची वाटी हातात दिली होती, ती खात होते.

मी प्रस्ताव वाचला. मग भिंतीवरून अण्णांचा सहा वर्षांपूर्वीचा आवाज आला, खणखणीत.

"प्रस्तावकांची तळमळ मी जाणतो. यंत्राने अज्ञान कबूल करावे हे योग्यच आहे. परंतु आजवर यंत्र चुकले तर दोष यंत्राचा होता. उद्या यंत्र 'कळत नाही' म्हणेल आणि सगळे हात वर करतील. केंद्र म्हणेल, घरच्यांना विचारा. घरचे म्हणतील, केंद्राला विचारा. हाक मारली जाईल, परंतु ती कोणाच्याच नावाने नसेल. तेव्हा पुन्हा विचारतो, कोणत्या माणसाला?"

अण्णांचा हात वाटीतच थांबला. ते भिंतीकडे बघत राहिले.

"ह्यो माणूस कोण गं?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, "जुने सर आहेत, अण्णा. इथलेच."

"लई खात्रीनं बोलतोय. घरी ऐकायला कुणी नसंल त्याच्या." मग म्हणाले, "पण बरोबर बोलतोय."

दोन वर्षांत पहिल्यांदाच दोन्ही अण्णांचं एकमत झालं होतं, आणि तेही माझ्याविरुद्ध.

मुजावर मॅडम उठून त्यांच्यासमोर आल्या. खाली वाकून, विद्यार्थिनीच्या आवाजात म्हणाल्या, "सर, प्रस्ताव तीनशे बारावर तुमची हरकत आहे. ती मागे घेता का?"

अण्णांनी मॅडमकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. ओठ हलले. मी दोन दिवस घोकून घेतलेले शब्द त्यांच्या तोंडापर्यंत आलेले मला दिसत होते. मग ते तिथून निसटले. डोळे भिरभिरायला लागले, दाराशी अडवल्यावर व्हायचे तसे.

"मला कळंना झालंय," ते म्हणाले.

मॅडमसमोरच्या नोंदीत दोनच खाने होते, हो आणि नाही. त्या तशाच वाकून उभ्या राहिल्या.

अण्णा वळले. सगळ्या सभागृहात शोधत शोधत त्यांची नजर माझ्यावर आली. "सन्मती," त्यांनी हाक मारली, "मला कळंना गं. तू ये हितं."

मी कशी उठले ते आठवत नाही. त्यांच्याजवळ जाऊन बसले, हात धरला. आणि तिथे बसल्यावर, एवढ्या साध्या गोष्टीला दोन वर्षं लागावीत याचा मला भयंकर राग आला. अण्णांना कळत नव्हतं, पण त्यांनी 'कुणी माणूस आहे का' असं विचारलं नव्हतं. नाव घेतलं होतं. माझ्या प्रस्तावात माणूस होता, नाव नव्हतं. का नव्हतं तेही मला ठाऊक होतं. नाव घालायचं झालं असतं तर कुणाचं घालायचं हे मला विचारावं लागलं असतं, स्वतःलाच. दोन वर्षं मी घरातच होते. रोज सकाळी अर्ध्या तासाचं काम होतं, घाटावर जाऊन यायचं. ते यंत्रानं कुणाला तरी सांगावं म्हणून मी दोन वर्षं भांडत होते.

"दुरुस्ती आहे," मी बसल्या जागेवरून म्हटलं. "कळत नसेल तर, या तिसऱ्या वाटेत एका जिवंत माणसाचं नाव लिहिलंच पाहिजे. संस्थेचं नाही, पदाचं नाही. आणि त्या माणसानं 'मी येईन' म्हणून स्वतः होकार दिलेला असला पाहिजे. त्याशिवाय तो हुकूम चालणारच नाही. भाषाच चालू देणार नाही."

भिंतीवरून बदली म्हणाला, "माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. परंतु हरकत मागे घेण्याचा अधिकार मला नाही." आणि मला शपथेवर सांगता येणार नाही, पण तो आवाज जरा ओशाळल्यासारखा वाटला.

मॅडमनी पुन्हा विचारलं, "सर?"

अण्णा माझ्याकडे बघत होते. "तू लिहिलंयस व्हय हे?"

"हो, अण्णा."

"आणि नाव घालणार हाईस?"

"हो."

"मग काय राहिलं?" ते म्हणाले. "मागं घेतो." आणि भडंगाची वाटी मॅडमच्या पुढे धरली.

हे त्यांचं म्हणणं होतं का, पढवलेलं होतं, की माझा हात हातात होता म्हणून म्हणाले, ते मला आजही सांगता येत नाही. मॅडमनी 'हो'च्या खान्यात खूण केली.

नवी रचना त्याच संध्याकाळी सगळीकडे पोचली. आमच्या दाराचा हुकूम मी स्वतःच लिहायला बसले. कळत नसेल तर, पुढची जागा रिकामी. वाचणाऱ्याला वाटेल मी लगेच लिहिलं असेल. नाही. आधी मी शालनकाकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "सकाळी शाळेत असते गं, होकार कसा देऊ?" केंद्राला विचारलं. त्यांनी एका पदाचं नाव दिलं, ते भाषेनं नाकारलं, माझ्याच दुरुस्तीनं. घाटावरच्या चहावाल्या शिकलगारांचं नाव मनात आलं, त्यांनी गाडा सोडून यायचं कसं? पुण्याहून त्याच वेळी विचारणा आली की एक तारखेला रुजू होताय ना, हो की नाही एवढंच कळवा. मी कळवलं, नाही. मग रडले. अण्णांसाठी नव्हे, स्वतःसाठी, ते आणखी वाईट वाटलं. बरोबर केलं की चूक, मला कळत नव्हतं. आणि माझ्या त्या प्रश्नापुढे लिहायला कुणाचं नाव नव्हतं.

शेवटी दारापुढे 'सन्मती' लिहिलं आणि अंगठा ठेवला.

तीस तारखेला सकाळी सात वाजता मी दुसऱ्याच एका प्रस्तावावरची हरकत वाचत होते. अण्णा टोपी घालून दाराशी आले. राखणीनं पावलं मोजली, दोन प्रश्न विचारले. मग म्हणाली, "आज मला कळत नाही. सन्मती, ये."

खरं सांगते, माझ्या तोंडून पहिला शब्द आला तो, "आत्ता?" मग मी पडदा मिटला आणि चपला शोधल्या.

रस्त्यानं अण्णा पुढे, मी दोन पावलं मागे. त्यांना सोबत आवडत नाही. घाटाच्या पायऱ्या त्यांच्या पायांना माझ्यापेक्षा जास्त पाठ होत्या. शिकलगारांनी लांबूनच दोन कप मांडले, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "सर, आज सोबत कोण?"

अण्णांनी मागे वळून बघितलं. बराच वेळ बघितलं. मी मदत केली नाही, करायला हवी होती की नको तेही मला कळलं नाही.

"कोण ते आत्ता ध्यानात येईना," ते शिकलगारांना म्हणाले, "पण हाक मारली की येती." आणि आपल्या शेजारची पायरी हातानं झाडून त्यांनी मला बसायला जागा केली.